उजवीकडचं दार

खूण जमिनीपासून सुमारे एकशे तीस सेंटिमीटरवर होती. दाराच्या तपकिरी चौकटीवर निळ्या खडूने काढलेलं, बाटलीच्या झाकणाएवढं एक वर्तुळ. त्याच्या खाली तीन उभ्या रेघा, आणि त्या तिन्हींना छेदणारी एक आडवी. पहिल्या दोन उभ्या रेघा पुसट झाल्या होत्या. तिसरी आणि आडवी मात्र ताजी होती. खडूची पूड अजून चौकटीच्या कंगोऱ्यावर बसलेली होती आणि त्याने किल्ली काढताना सोडलेल्या श्वासाने त्यातली थोडी उडाली. रात्री तो घरी यायचा तेव्हा जिन्यातला पिवळा दिवा लागलेला असायचा, त्या उजेडात तपकिरीवरचा निळा रंग दिसण्यासारखा नव्हता. म्हणजे पहिल्या दोन रेघा कधीच्या आहेत हे सांगता येणार नाही. चार दिवस, आठ दिवस. तो रोज त्यांच्या शेजारून आत गेला होता आणि रोज त्यांच्या शेजारून बाहेर पडला होता.

खूण काय आहे हे त्याला आठवावं लागलं नाही. आपलंच अक्षर वाचावं तशी त्याने ती वाचली. वर्तुळ म्हणजे पाहणीसाठी निवडलेलं घर. एक उभी रेघ म्हणजे एक खेप. तीन वेगवेगळ्या दिवशी तीन खेपा, आणि तिसऱ्यांदाही कोणी भेटलं नाही तर आडवी रेघ: घर बंद, रद्द, उजवीकडचं दार घ्यावं. कंपनीच्या बाजारपाहणी करणाऱ्यांच्या सूचनापुस्तिकेत हा नियम अकराव्या पानावर होता. बावीस वर्षांपूर्वी ते पान त्यानेच लिहिलं होतं, आणि 'घ्यावं' की 'निवडावं' यावर अर्धा तास घालवला होता. आज तो त्याच कंपनीत विपणनाचा प्रमुख होता. दुपारच्या व्याख्यानाला लागणारा चष्मा घरी विसरला म्हणून शनिवारी भर साडेबाराला आला, नाहीतर ही खूण साफसफाईवाल्याच्या फडक्याने गेली असती आणि त्याला पत्ताही लागला नसता.

आत गेल्यावर त्याला घर ओळखीचं वाटेना. या वेळेचं घर त्याने पाहिलंच नव्हतं. जेवणाच्या टेबलावर उन्हाचा एक चौकोन पडला होता आणि त्या चौकोनात टेबलाची सगळी धूळ दिसत होती. बाकीचं टेबल स्वच्छ वाटत होतं, पण तसं ते नसणार हे उघड होतं. फ्रीज घरघरून थांबला. वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची सरकवली. कुठेतरी पाणी पडत होतं. एवढे आवाज इथे रोज होत असतात आणि ऐकायला कोणी नसतं, या विचाराने तो जरा संकोचला, दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखा. चारपैकी तीन खुर्च्यांवर वर्तमानपत्रं होती. दोन वर्षांपूर्वी बायको मुलीच्या बाळंतपणाला गेली आणि तिकडेच राहिली. भांडण नाही, तंटा नाही. आधी मूल लहान होतं, मग मुलीची नोकरी सुरू झाली, मग मूल आजीशिवाय झोपेना. दर रविवारी फोन येई. "जेवलास का?" ती विचारी. "जेवलो," तो म्हणे, आणि मग नातू फोनमध्ये फुंकर मारी. कोणाला सांगावं असं यात काहीच नव्हतं, म्हणून त्याने कोणालाच काही सांगितलं नव्हतं.

चष्मा सापडला, आणि तेवढ्यात दारापलीकडून आवाज आले. उजवीकडच्या घराचं दार उघडं असावं.

"घरात माणसं किती, आजी?"

"सहा. थांब हं. मोठा, त्याची बायको, त्यांची दोघं, मी आणि हे. सहाच. धाकटा येतो-जातो, त्याला धरू का?"

"झोपायला इथे असतो का?"

"झोपायलाच असतो मेला, बाकी कशाला नसतो."

दोघी हसल्या. मग तो दुसरा, दमलेला आवाज म्हणाला, "बाजूचं कोणी भेटतच नाही हो. तीन चकरा झाल्या."

"बाजूला ना? एक गृहस्थ असतात. असतात म्हणजे असावेत. सकाळी कचऱ्याची पिशवी दिसते बाहेर."

"किती माणसं आहेत?"

"पिशवीवरून तरी एकच."

तो दाराच्या आतल्या बाजूला उभा होता, हातात चष्म्याचं घर. म्हणजे त्याच्या जागी सहा माणसं मोजली जात होती. धाकट्याला धरलं तर सात. उद्या ती कोणाच्या तरी तक्त्यात जातील, सोमवारी तो तक्ता त्याच्या टेबलावर येईल, आणि सरासरी कुटुंब पाच पूर्णांक एक दशांश माणसांचं आहे असं वाचून तो खाली सही करील. शेजारचं दार लागल्याचा आवाज आला तसं त्याने आपलं उघडलं.

पाहणीवाली चाळिशीची होती. खांद्याला पिशवी, छातीशी टॅब, उजव्या हाताची तर्जनी निळी. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग चौकटीकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

"तुम्ही आहात होय!"

"आत्ताच आलो. विचारायचं असेल तर विचारा. मला वेळ आहे."

"आता नाही विचारता येत, काका. तुमचं घर रद्द झालं."

"पण मी आहे ना."

"ते दिसतंय की." ती हसली. "या टॅबमध्ये घर एकदा रद्द केलं की पुन्हा उघडत नाही. वीस मिनिटं आधी आला असतात तर बसवून चाळीस प्रश्न विचारले असते. बरं झालं, सुटलात."

"आणि ज्यांची घरं अशी बंदच असतात, त्यांचं काय करता?"

"काय करणार? उजवीकडचं दार. नियम आहे." तिने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "खरं सांगू का? मला कळतं ना, कुठलं दार उघडणार नाही ते. पायपुसण्यावरून कळतं. पण आम्हाला कोण विचारतो. नियम करणारा गार हवेत बसलेला. त्याला एकदा माझ्याबरोबर तीन मजले चढवला पाहिजे."

"चढवा," तो म्हणाला. त्याला आणखी काहीतरी म्हणायचं होतं. "पाणी देऊ का?"

"आजींनी पाजलं," ती म्हणाली आणि जिना उतरू लागली. वळणावर थांबून, बहुधा त्याचा चेहरा पाहून, तिने वर बघून विचारलं, "एकटेच असता?"

"हो."

"मग बरोबरच आहे," ती म्हणाली. काय बरोबर आहे ते तिने सांगितलं नाही.

व्याख्यानासाठी संस्थेकडे जाताना गाडीत त्याने रेडिओ लावला नाही. रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना काचांच्या इमारती, आणि प्रत्येक सिग्नलला त्याला तीच बैठक आठवत होती. नऊ वर्षांपूर्वीची. कंपनी सुपाची पाकिटं करायची, आणि त्या वर्षी एका माणसापुरतं छोटं पाकीट बाजारात राहू द्यायचं की बंद करायचं हे ठरायचं होतं. पाहणी झाली होती. बाराशे घरं निवडलेली, आणि एकटं राहणारं माणूस शंभरात फक्त तीन. तीन माणसांसाठी कोणी यंत्रं चालवत नाही. पाहणी विभागात तेव्हा एक मुलगी होती, गणितात एम.एस्सी. झालेली. कुठल्याही आकड्यापुढे 'सुमारे' लिहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे, म्हणून सगळे तिला मोजपट्टी म्हणायचे. तोंडावरच म्हणायचे, तीही ओ द्यायची. बैठकीच्या आदल्या दिवशी ती त्याच्या खोलीत आली आणि तिने दीड पानाची, पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टेबलावर ठेवली. टेबलाच्या कडेला समांतर.

बाराशेतली चारशे सहासष्ट घरं बंद होती. त्यांच्या जागी उजवीकडची घेतलेली. मोजपट्टीने त्या बंद घरांतली पन्नास चिठ्ठ्या टाकून निवडली होती आणि चार रविवारी संध्याकाळी, कोणी न सांगता, स्वतःच्या पायांनी जाऊन आली होती. एकतीस ठिकाणी दार उघडलं. त्या एकतिसांपैकी एकोणीस घरांत एकच माणूस राहत होतं. 'आपण ज्यांना शोधतो आहोत,' तिने शेवटी लिहिलं होतं, 'ते दुपारी घरी नसतात. आपला नियम नेमक्या त्यांनाच वगळतो.' 'नेमक्या'च्या खाली रेघ होती. नियम कोणाचा आहे हे तिला माहीत होतं की नव्हतं, हे त्याने कधी विचारलं नाही.

"छान काम केलंस," तो तिला म्हणाला होता. "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब, कंपनीचे अध्यक्ष, टेबलाच्या टोकाला बसले होते. त्याची मांडणी सुरेख झाली. छोटं पाकीट बंद, मोठं पाकीट पुढे. 'भरलं घर, भरलं पातेलं.' चित्रात एका टेबलाभोवती सहा चमचे. सगळे माना डोलवत होते, आणि मोठ्या साहेबांनी सहज विचारावं तसं विचारलं, "जी घरं बंद होती, त्यांचं काय रे?" आणि तो म्हणाला, "त्यात वेगळं काही नाही साहेब. बंद घर म्हणजे बाजूच्यासारखंच घर." मोजपट्टी भिंतीशी बसून पडद्यावरची चित्रं पुढे सरकवत होती. तिने मान वर केली नाही. चित्र मात्र बरोबर वेळेवर सरकवलं. तीन महिन्यांनी तिची बदली गोदामाच्या हिशेबाकडे झाली. त्या कागदावर सही त्याचीच होती. तिथे ती पाच आठवडे राहिली. आता ती कुठे असते, तिचं लग्न झालं का, केस पिकले का, त्याला काही माहीत नव्हतं. छोटं पाकीट दोन वर्षांनी दुसऱ्याच कंपनीने काढलं आणि ते धोधो चाललं. पण तोवर मोठं पाकीटही चाललं होतं, आणि चाललेल्या गोष्टीला कोणी कारण विचारत नाही.

उलट त्या निर्णयाचा अभ्यासासाठी धडा झाला. व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थेने त्याला बोलावलं, 'धाडसी माघार' असं त्या व्याख्यानाला नाव दिलं, आणि सहा वर्षं महिन्यातून एका शनिवारी तो ते देत आला. शिकवणं त्याला आवडतं ही गोष्ट त्याला पन्नाशीच्या जवळ कळली, एखाद्याला उशिरा पोहता यावं तशी. कंपनीत त्याला कोणी काही विचारत नसे. त्याला जे ऐकायला आवडेल ते प्रश्नासारखं करून सांगत. वर्गात मात्र प्रश्नाआधी एक शांतता असायची, कोणीतरी हात वर करू की नको असं करत असायचं, आणि ती शांतता त्याला आठवडाभर पुरायची. पण त्याच वर्गात तो फळ्यावर बाराशे हा आकडा लिहायचा आणि चारशे सहासष्ट लिहायचा नाही. दर वेळी त्याला वाटे, आज कोणीतरी विचारील. सहा वर्षांत चार हजारांवर हुशार मुलंमुली समोर बसून गेली. एकानेही विचारलं नाही. दर वेळी गाडीत बसताना त्याला हायसं वाटायचं, आणि सिग्नलपाशी पोचेपर्यंत ते हायसंपण आंबट व्हायचं.

अकरा महिन्यांपूर्वी संस्थेच्या संचालक बाईंनी त्याला कायमचं या म्हणून सांगितलं होतं. तेव्हापासून तो टाळत होता. बाईंना म्हणे, हातातली कामं संपू देत. बायकोला म्हणे, बघतो आहे. मोठे साहेब निवृत्त व्हायचे होते. त्यांनी आपली खुर्ची त्याला देऊ केली, तेव्हा त्यांनाही म्हणे, विचार करून सांगतो. सोमवारी संचालक मंडळ बसणार होतं, आणि आज संध्याकाळपर्यंत साहेबांना उत्तर हवं होतं. विचार कसला करायचा होता? आकडे सगळे त्याच्याजवळ होते. कंपनीत राहिलं तर त्या बैठकीबद्दल पुन्हा बोलावं लागणार नव्हतं. तिथे जुनं कोणी उकरत नाही. शिकवायला गेलं तर ते व्याख्यान महिन्यातून एकदा नव्हे, आठवड्यातून दोनदा द्यावं लागणार होतं, निवृत्तीपर्यंत.

बाईंच्या खोलीत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते. त्या वयाने त्याच्याहून आठ वर्षांनी मोठ्या, बुटक्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या. त्याला पाहून त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"या. आज तरी हो की नाही ते सांगणार आहात? अकरा महिने झाले. अहो, मूलसुद्धा नवव्या महिन्यात बाहेर येतं."

तो बसला नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून त्याने त्यांना सगळं सांगितलं. चिठ्ठी, एकतीस घरं, एकोणीस माणसं, मोठ्या साहेबांचा प्रश्न आणि आपलं उत्तर. बोलायला चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत. नऊ वर्षांची गोष्ट चार मिनिटांत बसते हे त्याला कमी वाटलं.

बाईंनी समोरचा गठ्ठा बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "चिठ्ठी आहे?"

"आहे. घरी."

"आणि आमच्या माहितीपुस्तिकेत पहिल्याच पानावर तुमची ती माघार आहे. रंगीत फोटोसकट."

"हो."

"आमच्या मंडळाला तुम्ही हवे आहात ते त्या फोटोपायी. मला तुम्ही हवे आहात ते वेगळ्या कारणासाठी, पण मी एकटी म्हणजे मंडळ नव्हे. हे कळल्यावर ते तुम्हाला घेतील की नाही, मी शब्द देऊ शकत नाही. कळतंय ना? तिकडचंही जाईल आणि इकडचंही."

"कळतंय."

"साठ जण वर्गात बसलेत. त्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा." त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि प्रथमच त्याच्याकडे नीट पाहिलं. "पण एक सांगते, रागावू नका. कंपनीत एक पाय ठेवून हे वर्गात सांगू नका. सोमवारी ते तुम्हाला बोलावतील, शब्द मागे घ्या म्हणतील, आणि तुम्ही घ्याल."

तो रागावला नाही. त्याला ते अचूक वाटलं.

वर्गाबाहेरचा बोळ लांब आणि रिकामा होता. दाराच्या काचेतून आतली मुलं दिसत होती. कोणी वही उघडत होतं, कोणी शेजारच्याला काही दाखवून हसत होतं. पडद्यावर त्याचं पहिलं चित्र कोणीतरी आधीच लावून ठेवलं होतं. त्याने फोन लावला.

"बोल राजा," मोठे साहेब म्हणाले. मागे पाण्याचा आवाज होता. झाडांना पाणी घालत असावेत. "पेढे कधी?"

"साहेब, नऊ वर्षांपूर्वी, पाकिटाच्या बैठकीत, तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता."

"मी दिवसाला शंभर विचारतो. कुठला?"

"बंद घरांचा."

पाण्याचा आवाज थांबला. "बरं. मग?"

"मी खोटं बोललो होतो. त्या घरांत कोण राहतं ते मला माहीत होतं. मोजपट्टीने आदल्या दिवशी लिहून दिलं होतं."

"दीड पान," साहेब म्हणाले. "पेन्सिलीने."

बोळाच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी दार उघडलं आणि पुन्हा लावलं.

"तिने एक प्रत मलाही दिली होती," साहेब म्हणत होते. "सरळ खोलीत आली माझ्या. घाबरट वाटायची, पण नव्हती हं पोरगी."

"मग तुम्ही मला विचारलंत कशाला?"

"अरे, नवा कारखाना मोठ्या पाकिटासाठीच घेतला होता. ते ठरलेलंच होतं, तू काहीही म्हणाला असतास तरी. मला फक्त बघायचं होतं, हा माणूस काय म्हणतो. पापणीसुद्धा लवली नाही तुझी. मी त्याच दिवशी मनाशी म्हटलं, माझ्यानंतर इथे हा बसणार."

"आणि मी खरं बोललो असतो तर?"

साहेब मनापासून हसले. त्यात कुचकेपणा नव्हता. एखाद्या जुन्या मित्राच्या भाबडेपणाला हसावं तसं ते हसू होतं. "तर चांगला मास्तर झाला असतास, दुसरं काय!"

तोही जरासा हसला, सवयीने. काचेपलीकडे एक मुलगी घड्याळाकडे पाहत होती. नऊ वर्षं एक गोष्ट त्याने कोणाला दिसू दिली नव्हती. बायकोला नाही, मुलीला नाही. त्या गोष्टीमुळे तो जेवणाच्या टेबलावर गप्प बसे, फोनवर 'जेवलो' एवढंच म्हणे. लाज असली तरी ती त्याची स्वतःची होती, आणि माणसाजवळ स्वतःचं असं फार काही नसतं. ती तर त्या दिवसापासून साहेबांच्या खिशात होती. तिच्याच बळावर त्याला मोठी खोली मिळाली होती, मोठी गाडी मिळाली होती, आता खुर्ची मिळणार होती. ज्यासाठी तो इतका एकटा राहिला, ते एकट्याचं नव्हतंच. हे कळल्यावर आपल्याला मोकळं वाटायला हवं असं त्याला वाटलं. तसं काही वाटलं नाही. त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकतोयस ना?" साहेब म्हणाले. "ती जुनी मढी कशाला उकरतोस? सोमवारी मंडळापुढे तुझं नाव ठेवतो. ठेवू ना?"

पलीकडे पाणी पुन्हा सुरू झालं. त्याने दोन श्वास घेतले. दुसरा पहिल्यापेक्षा लांब होता.

"नका ठेवू, साहेब," तो म्हणाला. आवाज बोळात त्याला वाटला होता त्याहून मोठा उमटला, आणि काचेजवळच्या दोन मुलांनी वळून पाहिलं. "मी कंपनी सोडतोय."